कोंबडीची गाठ, वहिनींची गोळी

गेल्या गणपतीतली गोष्ट. बुधवार पेठेत ते दहा दिवस कसे जातात हे पुण्याबाहेरच्या मैत्रिणींना सांगून कळायचं नाही. एकीकडे तांबडी जोगेश्वरी, दुसरीकडे दगडूशेठ आणि मधल्या बोळात आमचं घर. ढोल-ताशांनी मांडणीवरची भांडी थरथरतात आणि दारावरची बेल दिवसभर वाजत असते. गौरी जेवल्या त्या रात्री ओटा आवरताना मसाल्याच्या डब्यामागे वहिनींच्या गोळ्यांची स्ट्रिप हाताला लागली. सवयीनं मोजली. सहा गोळ्या जास्त भरल्या. म्हणजे सहा दिवस त्यांनी गोळी घेतलीच नव्हती.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. सहा वर्षांपूर्वी त्यांना सारखा थकवा यायला लागला. हिमोग्लोबिन घसरलं, शौचाला काळं व्हायला लागलं. बरेच महिने ते पित्तावर आणि वयावर ढकललं गेलं. शेवटी जठराला लागून मोठी गाठ निघाली आणि यकृतातही तिचे ठिपके दिसले. तपासणीचा कागद आला त्यावर जिस्ट असं लिहिलेलं होतं. पूर्ण नाव गॅस्ट्रोइंटेस्टायनल स्ट्रोमल ट्यूमर. हा आपल्या नेहमीच्या ऐकण्यातला पोटाचा कॅन्सर नव्हे. तो सार्कोमा, म्हणजे स्नायू, चरबी, नसा, रक्तवाहिन्या अशा मऊ भागांतून उगवणारा कॅन्सर. मोठ्या माणसांच्या शंभर कॅन्सरमध्ये जेमतेम एखादा अशा जातीचा निघतो आणि त्यातही पन्नासच्या वर पोटजाती आहेत. एवढ्या दुर्मीळ आजारावर उपाय काय, तर रोज जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर एक गोळी. इमॅटिनिब तिचं नाव.

गोळी का सोडली हे विचारल्यावर वहिनी आधी काहीच बोलल्या नाहीत. मग हळूहळू बाहेर आलं. गोळीनं सकाळी डोळ्यांभोवती सूज येते, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. नव्या सुनेच्या माहेरची मंडळी यायची होती, त्यांच्यापुढे सुजलेला चेहरा नको होता. शिवाय गेली तीन वर्षं स्कॅनमध्ये काही वाढलेलं नव्हतं. रोग बरा झालाय तर औषध कशाला, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. बरं वाटलं की औषध बंद करायचं, हे आपण बायका आयुष्यभर करतच आलोय की!

मी तीस वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं. रागावण्याचा फारसा उपयोग होत नाही, गोष्ट सांगितली तर होतो, एवढं त्या नोकरीत शिकले. म्हणून त्या रात्री आणि पुढचे दोन-तीन दिवस दुपारी वाती वळता वळता मी वहिनींना एका माणसाची गोष्ट सांगितली. त्याचं नाव फ्रान्सिस पेटन राऊस. जन्म ५ ऑक्टोबर १८७९, गाव अमेरिकेतलं बाल्टिमोर.

पेटन अकरा वर्षांचा असताना वडील गेले. आई फ्रान्सिस, पदरात तीन लहान मुलं, हातात पैसा बेताचा. तिचं माहेर टेक्सासमध्ये होतं आणि तिकडे आधार मिळाला असता. पण मुलांना शिक्षण चांगलं मिळायचं तर बाल्टिमोरलाच राहायला हवं, असं तिनं ठरवलं आणि ती राहिली. पेठेतल्या वाड्यांमधून एका खोलीत मुलं वाढवणाऱ्या, माहेरी परत न गेलेल्या बायका मी लहानपणापासून पाहिल्यात. म्हणून राऊसच्या चरित्रात मला पहिल्यांदा भेटली ती त्याची आई.

मुलगा जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकला. शिकताना चार पैसे मिळावेत म्हणून तो तिथल्या वर्तमानपत्रात रानफुलांवर सदर लिहायचा. दर महिन्याला कुठलं फूल कुठे फुलतं त्याची माहिती. (सदर लिहिणाऱ्या माणसाबद्दल मला उगीचच जवळीक वाटते.) पुढे तो डॉक्टरकीला गेला आणि दुसऱ्याच वर्षी घात झाला. क्षयानं गेलेल्या माणसाचं शवविच्छेदन करताना हाडाचा ओरखडा बोटाला लागला आणि क्षय अंगात शिरला. काखेतल्या गाठी कापून काढाव्या लागल्या. तेव्हा क्षयावर औषध नव्हतंच. त्याला घरी पाठवण्यात आलं. तो टेक्सासला गुरांच्या कुरणावर जाऊन राहिला, गुराख्यांबरोबर घोड्यावरून हिंडला, उघड्यावर झोपला आणि वर्षभरानं धट्टाकट्टा होऊन परत आला. १९०५ साली डॉक्टर झाला खरा, पण रोगी तपासणं आपल्याला जमणार नाही हे त्याला लवकरच उमगलं. तो रोगांच्या अभ्यासाकडे वळला. मध्येच क्षयानं पुन्हा एकदा डोकं वर काढलं, पुन्हा विश्रांती, पुन्हा काम. १९०९ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत सायमन फ्लेक्सनर यांनी त्याच्याकडे कॅन्सरची प्रयोगशाळा सोपवली. तेव्हा कॅन्सरचं काम घेणं म्हणजे स्वतःच्या हातानं करिअरवर पाणी सोडणं. या भानगडीत पडू नकोस असं जाणत्यांनी त्याला बजावलंही होतं.

आणि त्याच वर्षी ती कोंबडी आली. प्लायमाउथ रॉक जातीची, अंगावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, उजव्या छातीवर ही मोठी गाठ. कोंबड्या पाळणाऱ्या कुणीतरी ती संस्थेत आणून दिली होती. दुसऱ्या कुणी ती सरळ रश्शात जाऊ दिली असती. राऊसनं तिला भूल देऊन गाठ काढली आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. ती सार्कोमाची निघाली. मग त्यानं गाठीचे बारीक तुकडे त्याच खुराड्यातल्या दुसऱ्या कोंबड्यांच्या अंगात सोडले. काहींना तशीच गाठ आली. त्या गाठीतून पुढच्या, त्यातून आणखी पुढच्या.

इथपर्यंत फार मोठं काही नव्हतं. पेशी एका अंगातून दुसऱ्या अंगात गेल्या आणि वाढल्या. पुढची पायरी मात्र राऊसची. त्यानं गाठ वाटली, तिचा रस काढला आणि तो अशा बारीक गाळणीतून गाळला की पेशी तर सोडाच, जिवाणूसुद्धा पलीकडे जाऊ नयेत. आपण पंचानं चक्का गाळतो तशीच कृती, फक्त गाळणी भाजक्या मातीची. खाली उतरलेल्या स्वच्छ रसात एकही पेशी नव्हती. तो रस धडधाकट कोंबडीला टोचला आणि तिला सार्कोमा झाला.

म्हणजे कॅन्सरची पेशी न देताही कॅन्सर देता येत होता. त्या रसात पेशीहून कितीतरी लहान असं काहीतरी होतं. १९११ मध्ये राऊसनं हे छापलं. आज आपण त्या काहीतरीला विषाणू म्हणतो आणि त्या विषाणूला राऊसचंच नाव आहे.

लोकांनी काय करावं? हसले. कुणी ठरवलं की ही गाठ खरा कॅन्सर नव्हेच. कुणी म्हणालं, गाळणी फुटकी असेल. कोंबडी ती कोंबडी, तिचा माणसाशी काय संबंध, हे तर बहुतेकांचंच मत. राऊसनं उंदरांमध्येही असाच विषाणू शोधायचा प्रयत्न केला. तो सापडला नाही. १९१५च्या सुमाराला त्यानं हा नाद सोडून दिला.

या ठिकाणी वहिनींनी मला थांबवलं आणि कोंबडीचं काय झालं म्हणून विचारलं. ती वाचली नाही, हे सांगावं लागलं. त्यांना राऊसपेक्षा तिचंच जास्त वाईट वाटलं.

एखादा रुसून बसला असता. राऊसनं दुसरं काम हातात घेतलं. पहिलं महायुद्ध चालू होतं. रक्त बाटलीत साठवायचं तर ते गोठतं आणि पेशी फुटतात. त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यानं १९१६ मध्ये सायट्रेट आणि साखर घातलेलं असं द्रावण तयार केलं की रक्त कित्येक दिवस टिकावं. त्याच आधारावर १९१७ मध्ये आघाडीवर रक्ताचे साठे करण्यात आले. आजच्या रक्तपेढीची ती सुरुवात. वहिनींना ऑपरेशनच्या वेळी बाहेरून रक्त द्यावं लागलं होतं. राऊसनं त्यांच्यावर केलेला हा पहिला उपकार. गोळीचा नंबर दुसरा.

१९१५ मध्येच त्याचं लग्न झालं, मेरियन डी के हिच्याशी. तीन मुली झाल्या. थोरली मार्नी लग्नानंतर इंग्लंडला गेली आणि तिथे लहान मुलांच्या पुस्तकांची नावाजलेली संपादक झाली. तिचा नवरा अ‍ॅलन हॉजकिन. शरीरातले मज्जातंतू निरोप कसे नेतात, हे शोधल्याबद्दल त्याला १९६३ मध्ये नोबेल मिळालं. सासऱ्यांना मात्र तोवर मिळालेलं नव्हतं. दिवाळीला जावई आलाय, त्याच्या गळ्यात नोबेल आणि सासरेबुवा अजून रांगेत, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे येतं आणि हसू आवरत नाही.

रांगेत म्हणजे खरोखरच रांगेत. राऊसचं नाव नोबेलसाठी पहिल्यांदा सुचवलं गेलं १९२६ मध्ये. त्या वर्षीचं बक्षीस कॅन्सरसाठीच दिलं गेलं, पण ते डेन्मार्कच्या योहानेस फिबिगर यांना, उंदरांच्या पोटातल्या जंतांमुळे कॅन्सर होतो या शोधाबद्दल. तो शोध पुढे चूक ठरला. त्या चटक्यामुळे नोबेलवाल्यांनी नंतर कितीतरी वर्षं कॅन्सरचं नाव घेतलं नाही असं म्हणतात. राऊस मात्र काम करतच राहिला. १९३३ नंतर रानसशांच्या अंगावरच्या चामखिळी विषाणूनं होतात हे दुसऱ्या एका शास्त्रज्ञानं दाखवलं आणि त्यातून कॅन्सर होतो हे राऊसनं दाखवलं. वीस वर्षांपूर्वी सोडलेला धागा त्यानं पुन्हा उचलला. १९४५ मध्ये तो निवृत्त झाला, तो केवळ कागदावर. प्रयोगशाळेत जायचा तो जातच राहिला. एका मोठ्या शास्त्रीय मासिकाचं संपादन तर त्यानं जवळजवळ पन्नास वर्षं केलं.

त्याच सुमाराला आपल्या पुण्याची एक मुलगी याच प्रश्नाच्या मागे होती, ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. कमल समर्थ, लग्नानंतरच्या कमल रणदिवे. जन्म ८ नोव्हेंबर १९१७. शाळा हुजूरपागा, म्हणजे आमच्या घरापासून पायी थोड्या अंतरावर. वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवायचे, त्याही तिथेच शिकल्या. लग्न होऊन मुंबईला गेल्यावर डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली टाटा मेमोरियलमध्ये कॅन्सरवर काम सुरू केलं आणि १९४९ मध्ये पीएच.डी. मिळवली. पुढे शिकायला त्या गेल्या बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्समध्ये. राऊसचं गाव आणि राऊसचंच विद्यापीठ! जॉर्ज गाय यांच्याकडे पेशी शरीराबाहेर काचेच्या भांड्यात वाढवायचं तंत्र त्या शिकल्या आणि परत येऊन भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्याची प्रयोगशाळा उभी केली. उंदरांच्या पिढ्यान्‌पिढ्या वाढवून स्तनांच्या कॅन्सरमध्ये आनुवंशिकता किती, संप्रेरकं किती आणि विषाणू किती, हे त्यांनी तपासलं. संशोधन करणाऱ्या बायकांची संघटनाही त्यांनी १९७३ मध्ये काढली. २००१ मध्ये त्या गेल्या. त्यांच्यावर स्वतंत्र लिहायला हवं.

१९६६ मध्ये, कोंबडीवरचा लेख छापून झाल्यावर तब्बल ५५ वर्षांनी, राऊसला नोबेल मिळालं. वय ८७. मिळालं तेही अर्धं. दुसरा अर्धा भाग गेला चार्ल्स हगिन्स यांना, पुरुषांच्या प्रोस्टेट कॅन्सरवर संप्रेरकांचा इलाज शोधल्याबद्दल. आणखी चार वर्षांनी, १६ फेब्रुवारी १९७० रोजी राऊस वारला. पोटातल्या कॅन्सरनं.

इथे माणूस संपतो, पण वहिनींची गोळी यायची अजून बाकीच आहे.

राऊस गेला त्याच वर्षी अमेरिकेत स्टीव्ह मार्टिन या तरुण शास्त्रज्ञाला राऊसच्या विषाणूचा एक विचित्र भाऊ सापडला. तापमान थोडं कमी असलं की हा पेशींना कॅन्सर करायचा आणि वाढवलं की त्याच पेशी पुन्हा शहाण्यासारख्या वागायच्या. म्हणजे कॅन्सर करणारी वस्तू एकच होती आणि ती बटणासारखी चालू-बंद होत होती. ते विषाणूतलं एक जनुक निघालं. सार्कोमावरून त्याचं नाव सार्क. १९७६ मध्ये मायकेल बिशप आणि हॅरोल्ड व्हार्मस यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलं की हे जनुक विषाणूचं नाहीच. ते मुळात कोंबडीचं. धडधाकट कोंबडीच्या प्रत्येक पेशीत ते असतं. विषाणूनं कधीतरी ते तिच्याकडून उचललं आणि बिघडवून परत दिलं. पुढे ते माणसातही सापडलं. म्हणजे कॅन्सरचं बटण जन्मापासून आपल्याच घरात असतं. एरवी ते चांगलं, गरजेचं काम करत असतं. या शोधाला १९८९चं नोबेल मिळालं.

गंमत अशी की हे राऊसला पटलं नसतं. पेशीतल्या जनुकात बिघाड होऊन कॅन्सर होतो हा विचार त्यानं शेवटपर्यंत मानला नाही, अगदी नोबेलच्या भाषणातही त्याला विरोध केला. ज्याच्या कोंबडीनं ही गोष्ट सिद्ध केली तोच तिच्या विरुद्ध! माणसानं आयुष्यभर लोकांच्या हट्टापायी सोसावं आणि शेवटी स्वतःही एक हट्ट धरावा, हे मला फार आपलंसं वाटतं.

हे बटण नेमकं करतं काय? वाड्यातल्या बायकांना हे लगेच कळेल. पूर्वी दिंडी दरवाज्यात कुणी आलं की तळमजल्यावरचे भाडेकरू जिन्यातल्याला हाळी द्यायचे, जिन्यातला वरच्याला, आणि निरोप माजघरातल्या आजींपर्यंत पोचायचा. मग आजी ठरवायच्या, चहा टाकायचा की नाही. पेशीचंही असंच आहे. बाहेरून निरोप येतो, पेशीच्या दारावरचं प्रथिन तो घेतं, आतल्या प्रथिनाला देतं, ते पुढच्याला आणि शेवटी केंद्रकात हुकूम पोचतो की वाढ, दोनाची चार हो. निरोप देताना एक प्रथिन दुसऱ्यावर फॉस्फेटचा शिक्का मारतं. हे शिक्का मारणारं प्रथिन म्हणजे कायनेज. सार्क हे असंच एक कायनेज निघालं. ते कुठल्या अक्षरावर शिक्का मारतं हे टोनी हंटर यांना १९७९ मध्ये कळलं, तेही आळसामुळे. त्यांनी ताजं द्रावण न करता जुनंच वापरलं, ते आंबट झालेलं होतं आणि त्या आंबटपणामुळेच एरवी एकत्र दिसणारे दोन ठिपके वेगळे झाले. शिक्का टायरोसिनवर होता. शिळ्या ताकाची कढी चांगली होते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

कोंबडीनंतर मांजर आलं. १९८६ मध्ये मांजरांच्या सार्कोमातल्या एका विषाणूत असंच उचललेलं जनुक सापडलं. त्याचं नाव ठेवलं किट. हेही पेशीच्या दारावरचं टायरोसिन कायनेज. १९९८ मध्ये जपानच्या ओसाका विद्यापीठात सेइइची हिरोता आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की माणसाच्या जिस्टमध्ये हेच किट बिघडलेलं असतं. बाहेर निरोप देणारं कुणीही नसताना ते आत एकसारखं ओरडत राहतं, वाढा, वाढा, वाढा.

दोन वर्षांपूर्वी आमच्या दारावरच्या बेलचं बटण आत अडकलं आणि बेल थांबेचना. तपकीर गल्लीत जाऊन नवं बटण आणेपर्यंत आमच्या ह्यांनी आतल्या दोन पट्ट्यांच्या मध्ये पुठ्ठ्याचा कपटा सरकवला. बेल गप्प. इमॅटिनिब हा तो पुठ्ठा. शिक्का मारायला कायनेजला जी ऊर्जा लागते ती बसायची एक खोबण असते. ही गोळी तिथे जाऊन बसते. शिक्का पडत नाही, निरोप जात नाही. केमोथेरपी वेगळी. तिच्यात वाढणारी पेशी दिसली की मारायची, मग केस जावोत की तोंड येवो. आणि जिस्टवर तर ती चालतच नव्हती.

हे औषध मुळात एका रक्ताच्या कॅन्सरसाठी बनवलं होतं. त्यातही असंच एक कायनेज अडकून बसलेलं असतं. जिस्टवर ते सगळ्यात आधी मिळालं फिनलंडमधल्या एका बाईला, मार्च २००० मध्ये. वय पन्नाशीचं, ऑपरेशनं झालेली, केमो झालेली, गाठी वाढतच होत्या आणि डॉक्टरांकडे देण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. काही आठवड्यांत तिच्या यकृतातल्या गाठी आकसायला लागल्या. एका रोग्याची ही हकिगत २००१ मध्ये छापून आली आणि २००२ मध्ये अमेरिकेत जिस्टसाठी गोळी मंजूरही झाली. त्या बाईचं नाव छापलेलं नाही. कोंबडीचंही नव्हतं.

आपल्याकडे ती गोळी वहिनींसारख्या पेन्शनवरच्या घरात कशी पोचली, त्याची वेगळी लढाई आहे. ग्लिव्हेक या नावाखाली मूळ स्विस कंपनी नोव्हार्टिसच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च तेव्हा एक लाख वीस हजारांच्या घरात जायचा. भारतीय कंपन्यांच्या त्याच औषधाचा आठ-दहा हजार. नोव्हार्टिसनं पेटंट मागितलं, तेव्हा मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशननं विरोध नोंदवला. चेन्नईच्या पेटंट कार्यालयानं २००६ मध्ये अर्ज फेटाळला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १ एप्रिल २०१३ रोजी तिथेही कंपनी हरली. कंपनीचं म्हणणं असं होतं की संशोधनाला पैसा लागतो. ते खोटं नाही, शिवाय त्यांनी बऱ्याच रोग्यांना औषध फुकटही दिलं. पण फुकट मिळणं आणि परवडणं यात फरक आहे, हे घर चालवणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको.

सगळ्याच सार्कोमांचं असं भलं झालेलं नाही, हेही वहिनींना सांगितलं. पन्नासावर पोटजाती, प्रत्येकीचं अडकलेलं बटण वेगळं आणि कित्येकींत बटण कुठलं तेच कळत नाही. लहान बाळांना होणाऱ्या एका सार्कोमात ट्रक नावाचं कायनेज अडकतं, त्यावर २०१८ मध्ये औषध आलं आणि काही बाळांचे हात-पाय कापायचे वाचले. उलट ओलारॅटुमॅब नावाचं औषध २०१६ मध्ये गाजावाजा होऊन आलं, मोठ्या चाचणीत २०१९ मध्ये निरुपयोगी ठरलं आणि गेलं. जिस्टमध्येही काहींच्या बटणाचा आकार असा असतो की हा पुठ्ठा त्यात बसतच नाही, म्हणून आधी जनुकाची तपासणी करून घ्यायची. आणि कधी कधी काही वर्षांनी पेशी स्वतःच खोबणीचा आकार बदलतात. मग दुसरा पुठ्ठा शोधायचा. सुनिटिनिब, रेगोराफेनिब, रिप्रेटिनिब असे ते एकामागून एक आलेत.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि मुद्द्याचा प्रश्न विचारला. गाठी मेल्यात की झोपल्यात? मी खरं ते सांगितलं. बहुतेकींमध्ये सगळ्या पेशी मरत नाहीत. काही गप्प बसतात. फ्रान्समध्ये पसरलेल्या जिस्टच्या रोग्यांवर गोळी थांबवून पाहिली गेली होती, एक वर्षानं, तीन वर्षांनी, पाच वर्षांनीसुद्धा. बहुतेकांच्या गाठी पुन्हा वाढल्या. पुन्हा गोळी सुरू केल्यावर त्यांतल्या बहुतेकांच्या आटोक्यात आल्या, पण सगळ्यांच्या नाही. पुठ्ठा काढला की बेल वाजणारच. बटण अजून अडकलेलंच आहे.

त्या बराच वेळ वाती वळत राहिल्या. मग म्हणाल्या की हे त्यांना आधी कुणी असं सांगितलंच नव्हतं, नुसतं रोज घ्या एवढंच सांगितलं होतं. रोज घ्या म्हटलेल्या गोष्टी त्यांनी आयुष्यभर केल्या, एखादी तरी सोडून बघावी असं वाटलं. यावर मला काही बोलता आलं नाही.

गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी डॉक्टरांकडे गेलो. सहा दिवसांचं काय ते सगळं वहिनींनी स्वतः सांगितलं. सुजेवर आणि पोटऱ्यांतल्या गोळ्यांवर औषध मिळालं. ते पहिल्यांदाच मागितलं गेलं होतं, कारण त्रास होतोय हे वहिनींनी त्याआधी कधी बोलूनच दाखवलं नव्हतं. तीन महिन्यांनी स्कॅन झाला. गाठी होत्या तशाच होत्या.

आता रात्रीची जेवणं झाली की वहिनी मोठा तांब्या भरून पाणी घेतात आणि गोळी घेतात. स्ट्रिप मसाल्याच्या डब्यामागून निघून देवघराशेजारच्या कोनाड्यात आली आहे, सगळ्यांना दिसेल अशी. घेऊन झाली की बेलमध्ये पुठ्ठा घालून आले, असं मला सांगून त्या झोपायला जातात.